चावीचे घड्याळ आणि मालकाची वेळ

सेलवर चालणारे दोन-अडीचशे रुपयांचे घड्याळ महिन्याकाठी फार तर पंधरा-वीस सेकंद चुकते. रोज चावी देऊन चालवावयाचे घड्याळ तितके एका दिवसातच चुकते, आणि खिशातला मोबाइल तर या दोहोंपेक्षा बिनचूक वेळ सांगतो. असे असूनही गेली काही वर्षे आपल्या शहरांतील सुशिक्षित, नोकरदार तरुणांमध्ये चावीच्या घड्याळाचे आकर्षण वाढत आहे. ज्यांची ऐपत आहे ते लाखोंची स्विस घड्याळे घेतात. ज्यांची नाही ते आजोबांच्या पेटीतून निघालेल्या एचएमटी 'जनता'ला नवा पट्टा लावून घेतात. या विषयाला पक्षाच्या साप्ताहिकाने जागा द्यावी काय, असे काही साथी विचारतील. (घड्याळ म्हटले की महाराष्ट्रातील कार्यकर्त्याला आधी एक निवडणूक-चिन्ह आठवते. त्या घड्याळाची चावी कोणाकडे, हा वाद वेगळा असून न्यायालयांनी तो पुष्कळ चघळला आहे.)

या आकर्षणाविषयी सध्या दोन प्रकारची भाषा ऐकू येते. पहिली भक्तांची. यंत्राला 'आत्मा' आहे, कारागिरीला 'परंपरा' आहे, चावी देण्यात 'ध्यान' आहे, अशी ही भाषा असते आणि ती बहुधा जाहिरातदारांकडून उसनी आणलेली असते. दुसरी भाषा आपल्याच काही साथींची. त्यांच्या मते हा मध्यमवर्गीय चंगळवादाचा आणखी एक नमुना आहे. कामगाराला त्याच्याशी काय देणेघेणे? प्रस्तुत लेखकाला दुसरी भूमिका पहिलीहून अधिक घातक वाटते. भक्त निदान वस्तूकडे निरखून पाहतो. आपला साथी मात्र पाहण्याआधीच निकाल देतो, आणि त्यामुळे कामगार चळवळीची एक जुनी मिळकत तो जाहिरातदाराला फुकट देऊन टाकतो.

म्हणून आधी वस्तूकडेच पाहू. चावी फिरवली की डबीतील पोलादी पट्टी गुंडाळली जाते. ती उलगडू पाहते, पण तिला एकदम उलगडू न देता दात्यादात्याने सोडण्याचे काम पुढची चाके, नांगराच्या आकाराची एक कळ आणि डोलणारे बॅलन्स चक्र करतात. 'जनता'सारख्या घड्याळात हे चक्र सेकंदाला पाच ठोके देते; तासाला १८,००० आणि दिवसाला ४,३२,०००. तबकडीवर छापलेले '१७ ज्युएल्स' म्हणजे कारखान्यात तयार केलेल्या माणकाचे सतरा चिमुकले खडे. त्यांच्या भोकांत चाकांचे आस फिरतात आणि खडा कठीण असल्यामुळे झीज कमी होते. आत रत्ने आहेत या समजुतीने कोणी ते घड्याळ फोडले तर त्याच्या हाती काही लागणार नाही. एका चावीवर असे घड्याळ दीडएक दिवस चालते. त्यात वीज नाही, सेल नाही, बाहेरून येणारा संकेत नाही. बोटांनी दिलेली ताकद तेवढी आत असते आणि झाकण काढले तर ती कशी खर्च होते हे उघड्या डोळ्यांनी दिसते. बिघाड झाला तर तो कोठे झाला हेही दिसते. आकर्षणाचे मूळ येथे आहे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. ज्या माणसाच्या अवतीभोवतीची सर्व साधने त्याला न कळणारी, न उघडता येणारी आणि दुसऱ्याच्या परवान्यावर चालणारी झाली आहेत, त्याला स्वतःच्या हाताने चालणारे एक यंत्र जवळ असावेसे वाटले, तर तो केवळ शौक म्हणून उडवून लावता येत नाही.

सेलच्या घड्याळाला शिव्या देणे हा समाजवाद नव्हे, हेही येथेच सांगून टाकलेले बरे. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या स्फटिकाने बिनचूक वेळ गरिबाच्या हातावर आणली. १९६९ च्या डिसेंबरात तोक्योत विक्रीस आलेले सेकोचे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ साडेचार लाख येनचे होते. आज ते तंत्र फुटपाथवर मिळते. हे चांगलेच झाले. प्रश्न तंत्र कोणते याचा नाही. वेळ मोजणारे साधन कोणाच्या ताब्यात आहे, याचा आहे.

हा प्रश्न कामगाराने फार पूर्वी ओळखला होता. इ. पी. थॉम्प्सन या ब्रिटिश इतिहासकाराने १९६७ साली वेळ आणि कारखान्याची शिस्त या विषयावर लिहिलेला निबंध आपल्या अभ्यासवर्गांतून वाचला गेला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंड-स्कॉटलंडच्या गिरण्यांत मालक सकाळी घड्याळ पुढे सरकवीत आणि संध्याकाळी मागे, अशा साक्षी त्यात आहेत. गिरणीत वेळ सांगण्याचा अधिकार एकट्या मालकाचा. ज्या कामगाराजवळ स्वतःचे घड्याळ असे त्याची धडगत नसे. खिशातले घड्याळ हा शृंगार नव्हता. मालकाच्या भोंग्याविरुद्ध सादर करावयाचा तो पुरावा होता. पहिल्या पिढीच्या कामगाराला मालकाने वेळेचे महत्त्व शिकवले. दुसऱ्या पिढीने दहा तासांच्या दिवसाची मागणी केली. तिसरीने जादा कामाला जादा दर मागितला. असा क्रम थॉम्प्सन दाखवतो, आणि या क्रमात घड्याळ मालकाच्या हातातून हळूहळू कामगाराच्या हातात येताना दिसते.

मुंबईचा इतिहास याहून निराळा नाही. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहाला काम सुरू आणि सूर्यास्ताला बंद, अशा त्यातील मागण्या होत्या. त्या मागणीची रचना पाहा. कामाचा आरंभ घड्याळाने सांगितला आहे, शेवट सूर्याने. घड्याळ मालकाचे, सूर्यावर मात्र कोणाचा हात फिरत नाही. साप्ताहिक सुटी मिळावयास १८९० साल उजाडावे लागले. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले, सूर्यास्ताची मर्यादा उरली नाही आणि १९०५ च्या सुमारास काही गिरण्यांत कामाचा दिवस पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाण वेळ लागू केली तेव्हा मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती. म्हणजे नव्या घड्याळाप्रमाणे हजर व्हायचे तर कामगाराला पूर्वीपेक्षा ३९ मिनिटे आधी, अंधारात घर सोडावे लागणार होते. त्या जानेवारीतच जेकब ससून गिरणीच्या हजारो कामगारांनी या बदलाविरुद्ध निदर्शने केली. मुंबई महापालिकेने तर आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. पुस्तकांतून हा प्रसंग बहुधा सनातनी हट्टाचा मासला म्हणून येतो. वस्तुतः तो ३९ मिनिटांच्या झोपेचा झगडा होता.

घड्याळ बनवणाऱ्यांचा इतिहास तर आपल्या घरचाच आहे. मार्क्सने 'कॅपिटल'च्या पहिल्या खंडात श्रमविभागणीचे उदाहरण म्हणून घड्याळाचा धंदा घेतला आणि एका घड्याळामागे किती निरनिराळे कारागीर असतात याची लांबलचक यादी दिली. ज्युरा पर्वतातील ला शो-द-फाँ हे गाव त्याला एक अवाढव्य कारखानाच वाटले. त्याच डोंगराळ भागातील घड्याळ कारागिरांमध्ये पहिल्या इंटरनॅशनलचा ज्युरा संघ उभा राहिला. १८७२ साली क्रोपोत्किन त्यांच्यात काही दिवस राहिला आणि तेथून अराजकतावादी होऊनच परतला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सँ-इमिए येथे मार्क्सच्या गटाशी फारकत घेतलेल्यांची परिषद भरली. त्या फाटाफुटीत बरोबर कोण होते हा वाद आज उकरून काढण्याचे कारण नाही. ध्यानात घ्यायचे ते हे की घरी किंवा लहान कार्यशाळेत, शेजाऱ्याशी बोलत काम करता येणाऱ्या, आपल्या हातातील कामाचा अर्थ कळणाऱ्या कारागिरांनी राजकारणातही कोणाची मुकादमी मानली नाही. क्रोपोत्किनला त्यांच्यात भावले ते हेच.

शंभर वर्षांनी तीच गोष्ट डोंगराच्या फ्रेंच बाजूस घडली. बेझाँसाँ येथील लिप हा घड्याळांचा कारखाना १९७३ मध्ये मोडीत काढण्याचा बेत मालकांनी आखला. कामगारांना त्याचा सुगावा लागला. त्यांनी जूनमध्ये कारखान्याचा ताबा घेतला, तयार घड्याळे बाहेर नेऊन लपवली, उत्पादन पुन्हा सुरू केले आणि घड्याळे थेट लोकांना विकून स्वतःचे पगार स्वतः काढले. आम्ही बनवतो, आम्ही विकतो, आमचा पगार आम्ही घेतो, ही त्यांची घोषणा फ्रान्सभर गाजली. ऑगस्टमध्ये पोलिसांनी त्यांना कारखान्यातून हुसकले. सप्टेंबरअखेर त्या लहान शहरात त्यांच्या बाजूने सुमारे एक लाख लोक पावसात चालले. १९७४ च्या जानेवारीत तडजोड झाली, पण १९७६ मध्ये कारखाना पुन्हा बुडाला. शार्ल पियाजे हा त्या लढ्याचा पुढारी २०२३ मध्ये वारला. सत्ता, पद वा संपत्ती यांपैकी त्याने लढ्यातून काहीही कमावले नव्हते. लिपचा लढा अखेर हरला, हे खरे आहे. तथापि कारखाना चालवण्यासाठी मालक अपरिहार्य असतो ही समजूत त्या उन्हाळ्यात जेवढी उघडी पडली तेवढी क्वचितच पडली असेल.

आता आपल्या घरी येऊ. स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षे आपल्या देशात चांगले मनगटी घड्याळ म्हणजे आयात केलेले किंवा मुंबईच्या बंदरातून चोरट्या मार्गाने आलेले स्विस घड्याळ. १९५३ साली बंगळूरला सुरू झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये घड्याळे काढली. पहिली घड्याळे पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. पुढे श्रीनगर, तुमकुरू आणि कुमाऊँमधील राणीबाग येथे कारखाने झाले. 'जनता', 'पायलट', 'सोना', 'जवाहर', 'कोहिनूर', 'रजत' ही नावे ज्यांना ठाऊक नाहीत असे घर त्या काळच्या महाराष्ट्रात, निदान शाळामास्तर, एसटी कंडक्टर, तलाठी, गिरणी कामगार यांच्या वस्तीत, शोधून सापडले नसते. दहावी पास झालेल्या मुलाला, लग्नातल्या जावयाला, निवृत्त होणाऱ्या शिपायाला एचएमटी. अंधांसाठी काच उघडून बोटांनी काटे चाचपता येतील असे घड्याळही याच कारखान्याने काढले; नफ्याचे गणित मांडणाऱ्याने त्या वाटेला जाण्याचे काही कारण नव्हते. एका गरीब देशाने यंत्रे बनवणारी यंत्रे बनवली आणि त्यांतून सामान्य माणसाच्या मनगटावर विश्वासार्ह वेळ बांधली, ही लहान गोष्ट नव्हती. आज 'जनता'ची तबकडी पाहून हळवा होणारा तरुण नकळत याच गोष्टीला दाद देत असतो. फक्त ते कोणी व का केले हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

ते सांगण्याऐवजी त्याला दुसरी एक कथा सांगितली जाते. सरकारी कारखाना झोपला, क्वार्ट्झ आले, खासगी उद्योग जागा होता, तो जिंकला. यात दुःख कसले? या कथेचा समाचार नीट घेतला पाहिजे, कारण तिच्यात अर्धे सत्य आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी एचएमटीने स्वतः क्वार्ट्झ घड्याळे काढली होती. म्हणजे तंत्र ठाऊक नव्हते असे नाही. कमी पडली ती निर्णयाची मोकळीक. ग्राहकाला काय हवे हे कारखान्यातल्या माणसाने सांगावयाचे आणि दिल्लीतल्या सचिवाने ठरवावयाचे, या रचनेत दुसरे काय होणार? १९८४ मध्ये स्थापन झालेली टायटन होसूरहून क्वार्ट्झ घड्याळे घेऊन बाजारात उतरली. तिला खासगी उद्योगाचा विजय म्हणताना एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली जाते. त्या कंपनीत टाटांच्या जोडीने तमिळनाडू सरकारच्या औद्योगिक विकास महामंडळाचे भांडवल होते. सार्वजनिक पैसा दोन्हीकडे होता. त्यामुळे सार्वजनिक मालकी म्हणजे ठार अकार्यक्षमता, हा निष्कर्ष या उदाहरणावरून तरी काढता येत नाही.

पण अर्धे सत्य आपल्या बाजूसही झोंबते. १९८०-८१ च्या हिवाळ्यात बंगळूरच्या सार्वजनिक उद्योगांतील कामगारांनी, त्यांत एचएमटीचेही होते, सुमारे अडीच महिने संप केला. भेलच्या कामगारांइतके वेतन मिळावे ही मुख्य मागणी होती आणि ती रास्त होती. परंतु कारखान्यात काय बनावे, कसे बनावे, नवे तंत्र कसे आणावे, या प्रश्नांवर कामगारांचा अधिकार मागणारा संप या देशातील मोठ्या सार्वजनिक उद्योगांत क्वचितच झाला. आपण मालकी सरकारकडे गेली की ती समाजाकडे गेली असे धरून चाललो. डॉ. लोहियांपासून अनेकांनी याविषयी सावध केले होते. प्रस्तावांत ते इशारे आले, कारखान्यांच्या दारापर्यंत पोहोचले नाहीत. लिपच्या कामगारांना घड्याळे विकता आली, कारण त्यांनी कारखाना आपला मानला. एचएमटीचा कामगार, ज्याच्या कौशल्याची आज जगभरचे संग्राहक तारीफ करतात, तो अखेरपर्यंत सरकारचा नोकरच राहिला. श्रीनगरचा कारखाना १९९० नंतरच्या हिंसाचारात सापडला. २००० साली घड्याळ विभागाची वेगळी कंपनी करण्यात आली. ६ जानेवारी २०१६ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने ती बंद करण्याचा निर्णय घेतला, उरलेल्या कामगारांना स्वेच्छानिवृत्तीच्या रकमा देऊन घरी पाठवण्यात आले आणि तुमकुरूच्या कारखान्याची जमीन अंतराळ संशोधनाकडे गेली. मूळ एचएमटी कंपनीने पुढेही घड्याळांची काही विक्री चालू ठेवली; पण घड्याळ उद्योग म्हणून जे उभे होते ते संपले. कारखाना बंद होणार अशी बातमी २०१४ मध्ये फुटताच दुकानांपुढे गर्दी झाली. आदल्या दहा वर्षांत ज्यांनी एकही एचएमटी घेतले नव्हते ते त्या गर्दीत पुढे होते.

त्याच काळात स्वित्झर्लंडमध्ये काय झाले? क्वार्ट्झच्या लाटेने तेथील घड्याळ उद्योगही कोसळला होता. १९७० मध्ये सुमारे ९०,००० माणसे त्या उद्योगात होती. १९८० च्या दशकाच्या मध्यास तीसएक हजार उरली. मग भांडवलाने एक चतुर युक्ती काढली. चावीचे घड्याळ वेळ सांगण्याच्या शर्यतीत हरले आहे ना? तर ते वेळ सांगण्यासाठी विकूच नये. ब्लाँपँ हे बंद पडलेले जुने नाव १९८० च्या दशकात अल्प रकमेत विकत घेण्यात आले, आपण कधीही क्वार्ट्झ घड्याळ केलेले नाही असा त्या नावाचा डांगोरा पिटण्यात आला आणि १९९२ मध्ये ते नाव कोट्यवधी फ्रँकना पुन्हा विकले गेले. बेकार झालेल्या कारागिराचे कौशल्य आता श्रीमंताच्या मनगटावरचे बिरूद झाले. २०२३ मध्ये या देशाची घड्याळ-निर्यात २६ अब्ज फ्रँकच्या पुढे होती, आणि घड्याळांची संख्या मात्र दोन कोटींच्याही आत. म्हणजे थोड्या माणसांसाठी थोडी घड्याळे, अफाट किमतीला. आपल्या सरकारने १० मार्च २०२४ रोजी स्वित्झर्लंड व त्याच्या सहकारी देशांशी केलेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला; त्यानुसार स्विस घड्याळांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर येणार आहे. 'जनता' बनवणाऱ्याला २०१६ मध्ये घरी पाठवायचे आणि धनिकाच्या घड्याळावरचा कर माफ करायचा, हे एकाच राज्याचे दोन निर्णय आहेत.

या धंद्याची खरी नियत दुरुस्तीच्या प्रश्नावर कळते. चावीच्या घड्याळाचा सारा दिमाख कशात, तर ते पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्त होऊ शकते यात. पण मोठ्या स्विस कंपन्यांनी स्वतंत्र घड्याळजींना सुटे भाग देणे बंद केले. युरोपातील दुरुस्तीकारांच्या संघटनेने त्याविरुद्ध तक्रार केली. ती युरोपीय आयोगाने फेटाळली आणि २०१७ मध्ये तेथील न्यायालयानेही कंपन्यांच्याच बाजूने कौल दिला. घड्याळ तुमचे, पण झाकण उघडण्याचा हक्क कंपनीचा! परंपरेच्या, वारशाच्या गोष्टी सांगणाऱ्या जाहिरातीत हे वाक्य कोठे छापलेले आढळत नाही.

याउलट आपल्या तालुक्याच्या गावातील घड्याळजी आठवावा. एसटी स्टँडजवळ, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर काचेची लहानशी पेटी, डोळ्याला भिंग, चिमटा, तेलाची बारीक सुई, काचेच्या वाटीखाली झाकून ठेवलेली चाके. त्याने कोणत्या संस्थेची पदवी घेतलेली नव्हती; वडिलांकडून वा उस्तादाकडून तो शिकला होता. एचएमटीचे यंत्र वर्षानुवर्षे तेच राहिल्यामुळे एका मोडक्या घड्याळाचे चाक दुसऱ्याला बसे, आणि गावोगाव पसरलेली ही विद्या कोणाच्या मक्तेदारीत नव्हती. सेलची घड्याळे आली, त्यांची दुरुस्ती नव्या घड्याळाहून महाग पडू लागली, आणि घड्याळजी पट्टे व सेल बदलून देणारा झाला. बहुतेकांची मुले या धंद्यात आली नाहीत.

जे उरले त्यांपैकी काहींनी मुंबईत एक नवा मार्ग काढला. जुनी एचएमटी घड्याळे भंगाराच्या भावाने गोळा करावयाची, यंत्र साफ करून चालू करावयाचे, तबकडी नव्या भडक रंगात रंगवून घ्यावयाची आणि परदेशी गिऱ्हाइकांना विकावयाची. संग्राहकांच्या जगात या घड्याळांना कुत्सितपणे 'मुंबई स्पेशल' म्हणतात. खोट्याला खरे म्हणून विकणे ही फसवणूक आहे, आणि ती करणाऱ्या दलालाची बाजू येथे घ्यावयाची नाही. पण त्या कुचेष्टेत फसवणुकीचा राग किती आणि अंधाऱ्या खोलीत बसून, तुटपुंज्या मोबदल्यात मेलेले यंत्र जिवंत करणाऱ्या हातांविषयीची तुच्छता किती, हे भक्तांनी स्वतःला विचारून पाहावे. जिनिव्हातला कारागीर तबकडी बदलतो तेव्हा त्याला जीर्णोद्धार म्हणतात.

आता मूळ मुद्द्याकडे. आमच्या ज्या साथीला हा सारा विषय रिकाम्या माणसांचा वाटतो, त्याने आजच्या कामगाराच्या मनगटाकडे पाहावे. तेथे घड्याळ नाही. वेळ मोबाइलमध्ये आहे, आणि ती मोजणारे यंत्र कोठल्यातरी कंपनीच्या संगणकात आहे. घरपोच माल पोहोचवणाऱ्या मुलाचा उशीर किती झाला हे ॲप सांगते. दुकानाच्या दारात त्याला किती वेळ ताटकळावे लागले हे त्याच्या बाजूने कोण मोजते? ज्या रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात प्रत्यक्षात आणली आणि १९७७ मध्ये कायद्यात बसवली, त्या हमीच्या देशव्यापी योजनेतील मजुराची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवरील छायाचित्राने, दिवसातून दोनदा, वेळेच्या शिक्क्यासह घेणे सक्तीचे करण्यात आले. डोंगराळ गावात मोबाइलला संकेत मिळाला नाही की छायाचित्र चढत नाही, आणि छायाचित्र चढले नाही की दिवसभर खोदलेली माती न खोदल्यासारखी होते. डंडीच्या गिरणीमालकाला घड्याळ मागेपुढे करण्यासाठी रात्री शिडीवर चढावे लागत असे. आता तेवढेही कष्ट नाहीत.

आणि हे होत असतानाच ३ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत आणि दुकाने-आस्थापनांतील ९ वरून १० तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, जादा कामाला दुप्पट दर आहे, कामगाराची संमती लागेल, असे सांगण्यात येते. कंत्राटी कामगाराची संमती कशी घेतली जाते हे या साप्ताहिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. पण संमती खरी आहे असे घटकाभर धरले, तरी बारावा तास केव्हा संपला हे ठरवणार कोण? दारावरचे बोटाचे ठसे घेणारे यंत्र मालकाचे, त्याची नोंदवही मालकाच्या संगणकात, आणि कामगाराच्या हाती तिची प्रत नाही. लोखंडे यांच्या काळच्या कामगाराला निदान सूर्य दिसत होता.

म्हणून पक्षाच्या कामगार आघाडीने बारा तासांच्या निर्णयाविरुद्धच्या आंदोलनात तासांच्या मर्यादेबरोबर तासांच्या नोंदीचाही प्रश्न घ्यावा, अशी या लेखकाची सूचना आहे. हजेरी व कामाच्या वेळेची प्रत दररोज कामगाराला मिळाली पाहिजे, आणि तिच्यावर तक्रार करण्याचा हक्क युनियनला असला पाहिजे. ॲपवर काम करणाऱ्यांनाही तो लागू व्हावा. दुसरी सूचना दुरुस्तीविषयी. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्या वर्षाच्या अखेरीस एक संकेतस्थळही काढले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे व वाहने ही क्षेत्रे त्यात धरली आहेत. पण सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिराला देण्याची सक्ती करणारा कायदा व्हायला हवा. ही मागणी ग्राहकांची म्हणून सोडून न देता घड्याळजी, मोबाइल दुरुस्त करणारी मुले, ट्रॅक्टरचे मिस्त्री यांच्या संघटना बांधून ती पुढे नेता येईल. अशा कारागिरांची मोजदाद जिल्हा शाखांनी आपापल्या तालुक्यांच्या ठिकाणी सुरू करावी. एसटी स्टँडपासून सुरुवात केली तरी पुष्कळ नावे मिळतील. आणि ज्या औद्योगिक वसाहतींत बारा तासांची पाळी प्रत्यक्ष सुरू झाली आहे तेथील युनिटांनी आजपासूनच प्रत्येक खात्यात एका कामगाराकडे वही द्यावी आणि आत जाण्याची व बाहेर पडण्याची वेळ त्याच्या स्वतःच्या घड्याळाप्रमाणे रोज लिहून ठेवावी. ते घड्याळ चावीचे आहे की सेलचे, याने काही बिघडत नाही.